घेवडा, वन्सं आणि माझं मौन

सकाळची पूजा आटोपेपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे, आणि घरात सगळ्यांना तो चांगलाच मानवला आहे.

त्या आठवड्यात आमच्या गच्चीतल्या घेवड्यावर मावा पडला. कोवळे शेंडे त्या काळ्या, चिकट किड्यांनी माखून गेले. ह्यांनी विषारी औषधाची बाटलीच आणली. ज्या वेलीची पहिली शेंग देवापुढे ठेवायची, तिच्यावर विष मारायला माझं मन घेईना.

"रविवारपर्यंत थांबता का?" मी विचारलं.

"थांबतो. पण रविवारी मावा दिसला की मी फवारणार."

मी रोज पाण्याच्या धारेने मावा धुऊन काढू लागले, तरी तो पुन्हा यायचा. शनिवारी मात्र वेलीवर ढालकिड्याची पिल्लं दिसली. लाल पाठीवर काळे ठिपके मिरवणारा ढालकिडा सगळ्यांना गोड वाटतो, पण पिल्लं अजिबात आईवर जात नाहीत. काळी, काटेरी, चिमुकल्या सुसरीसारखी असतात. माव्याचा फडशा पाडावा तर त्यांनीच. मी देवाचे आभार मानले. माणसांना सांगायचं तेवढं राहून गेलं.

रविवारी सकाळीच वन्सं आल्या. ह्यांची थोरली बहीण. हाताला काम नसलं की त्यांना कणकण येते. मी फुलं काढायला गच्चीत गेले, तर त्या चिमट्याने एकेक पिल्लू वेचून डब्यात टाकत होत्या.

"तू पूजा कर निवांत. ह्या घाणीचा निकाल मी लावते."

मी जोरजोरात मान हलवली.

"अगं, कष्ट कसले त्यात."

मी हात जोडले.

"पुरे, नमस्कार कसले करतेस," असं म्हणून त्या सुखावल्या आणि दुप्पट वेगाने वेचू लागल्या.

मी पिल्लांकडे बोट दाखवून घास खाल्ल्याची खूण केली.

"भूक लागली होय? अरे, हिला काहीतरी खायला आण. आणि येताना उकळतं पाणी आण, ह्यांच्यावर ओतायला."

हे आले. एका हातात किटली, दुसऱ्या हातात बिस्किटं आणि काखेत ती बाटली. वन्संनी डबा पुढे धरला. किटली कलली.

"ओतू नका. ते आपले आहेत," मी म्हणाले.

आवाज काही मोठा नव्हता माझा. पण ह्यांच्या हातची बिस्किटं खाली पडली. वन्संनी डब्यात डोकावून पाहिलं, जणू आत माहेरचं कुणी बसलंय.

"आपले कोण?"

मी समजावून सांगितलं. वन्संना पटेना. शेवटी त्यांनीच एक पिल्लू शेंड्यावर ठेवलं. ते जरा सावरलं, त्याने समोरच्या माव्याला धरलं आणि मटकावलं. मग त्याच्या शेजारच्यालाही.

"मान वर करत नाही बघ," वन्सं कौतुकाने म्हणाल्या.

"मग मी फवारायचं नाही?" ह्यांनी विचारलं.

"लेकरू जेवतंय, आणि तू विष मारणार? ने ती बाटली दुकानात परत."

हे गेले. आम्ही दोघी एकेक पिल्लू हलक्या हाताने वेलीवर सोडत बसलो. नेम मोडला, जीव वाचले, काय ते तू बघ, असं मी देवाला मनात सांगितलं. वन्संनी शेवटचं पिल्लू शेंड्यावर ठेवलं. मग हळूच म्हणाल्या,

"मौन मोडलंच आहेस तर सांगून टाक. माझ्या बागेत मी आजवर असे किती आपले मारले असतील गं?"

पूजा अजून व्हायची होती. मी पुन्हा मौन धरलं.