डावा पाय

"आता ऐक!" म्हणत वीरभद्र आण्णांनी ॲक्सिलेटर दाबला. इंजिन गळा काढून ओरडलं आणि गाडी मात्र सासरी निघालेल्या नवरीसारखी पाय ओढत चढ चढत राहिली. शेजारी महांतेश मेकॅनिक कान देऊन बसला होता. मागच्या सीटवर आण्णांची बायको सिद्धम्मा पदर नाकाला लावून बसली होती. जळका वास तिलाही आला होता.

"म्या म्हनलं न्हवतं? इंजिन पळतंय, चाक पळंना," आण्णा म्हणाले.

अणदूरच्या गॅरेजात महांतेशनं सगळं पाहिलं होतं. ॲक्सिलेटरची वायर मोकळी होती, उभ्या गाडीत इंजिन शांत होतं. क्लच घसरतोय हे उघड होतं. पण क्लचची प्लेट तर त्यानंच दिवाळीत नवी टाकलेली. ती इतक्यात जळावी कशी? म्हणून तो फेरी मारायला सोबत निघाला. आण्णांना घोर वेगळाच होता. साखरेच्या आजारानं पाय बधिर होऊ लागल्यापासून मुलगा गाडी विकायच्या मागे लागला होता. दोष गाडीतच निघावा, एवढंच त्यांना हवं होतं.

काय दिवस होते ते! आण्णांची जीप फाट्यावर आली की माणसं एसटी सोडून धावायची. वऱ्हाडं, बाळंतिणी, खंडोबाच्या जत्रेची गर्दी, सगळं त्या जीपनं वाहिलं. महांतेश तेव्हा त्यांचा क्लीनर. गाडी शिकताना त्याचा पाय क्लचवर राहिला की मांडीवर चापट बसायची. "क्लच हाय त्यो, पाय टेकायचा पाट न्हाय!" नुसता पाय टेकला तरी प्लेट पुरती धरत नाही, इंजिन उगाच फिरतं आणि प्लेट जळते, हे त्याला आण्णांनीच शिकवलं होतं.

महांतेशची नजर खाली गेली. आण्णांची डावी चप्पल क्लचवर निवांत टेकली होती.

खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "प्लेटच बोगस निघाली, आण्णा. बदलून देतो."

त्यानं नजर चुकवल्याचं पाहून आण्णांनी गाडी कडेला घेतली आणि वाकून पायाकडे पाहिलं. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

"पाय हितं हाय, ह्ये मला कळलंच न्हाय रं."

त्यांनी हातानं पाय उचलून बाजूला ठेवला आणि ते महांतेशकडे वळले.

"आन् तू खोटं कवापासनं बोलाया लागलास?"

"आजच, आण्णा."

आण्णा हसले, पण डोळे भरून आले. त्यांनी किल्ली काढून महांतेशच्या हातात ठेवली. "घे. आता म्या न्हाय चालवीत."

महांतेश स्टिअरिंगवर गेला. त्याच्या शेजारची पुढची जागा रिकामी होती, तरी आण्णा मागचं दार उघडून सिद्धम्माशेजारी बसले. जीपच्या दिवसांत पुढची सीट गिऱ्हाइकाची. सिद्धम्माला कायम मागेच कोंबलेलं. तिनं पिशवी मांडीवर घेऊन त्यांना जागा दिली.

गाडी अणदूरकडे वळली. आण्णा काचेतून बाहेर बघत होते.

"केवढी चिंच हाय गं ही! कवाची?"

"आपल्या लग्नाआदीची," सिद्धम्मा म्हणाली. "तुमी कवा बाजूला बघितलंय?"

चिंच दिसेनाशी होईपर्यंत आण्णा मान वळवून बघत राहिले.