शेळ्यांच्या हाकांची बोली

अंगावरून वारं गेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, वाचा आता परत येणार नाही. पण माझ्या सासूबाई, भामाबाई, गप्प बसणाऱ्यांतल्या कधीच नव्हत्या. घाटनांदूरला घरी आणलं, बाजेवर टाकलं, आणि त्यांचं सुरू झालं, "थ्रर्र च्यक. हुर्र च्यक च्यक." शेळ्या हाकताना करतात ते आवाज. दिवसभर तेच.

"आईला शेरडं आठवत्यात," माझा नवरा परमेश्वर म्हणाला, आणि खरंच एक गाभण शेळी आणून बाजेच्या पायाला बांधली. आमच्या घरात कुठल्याही दुखण्यावर शेळी हाच उपाय. शेळीनं गोधडीचं टोक चघळलं. सासूबाईंनी तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. भिंतीकडं तोंड करून त्या रडत रडत पुन्हा तेच म्हणू लागल्या.

ती भिंत वाटणीनंतरची. पलीकडं त्यांची धाकटी जाऊ, छबुबाई. एका चुलीवर अर्धा जन्म काढलेल्या या दोघी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून गावासमोर भांडल्या. सासूबाई बोलून गेल्या, "माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको." छबुकाकूही काही कमी नव्हत्या. "गावासमोर बोलावशील तवाच येईन," म्हणाल्या. तेव्हापासून अबोला. मला दोघींचाही राग यायचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो हा असा.

परमेश्वर काकूंना निरोप द्यायला गेला. "आई लई आजारी हाय," म्हणाला.

"ऐकू येतंय मला," काकू म्हणाल्या. "चांगली बोलती की."

तो तणतणत परत आला. वाचा गेलेल्या बाईवर असला टोमणा, म्हणून आम्ही पुन्हा त्या दाराला गेलो नाही.

सासूबाई दुपारच्या गेल्या. पै-पाहुणे यायच्या आधी छबुकाकू आल्या. उंबरा ओलांडला, बाजेशी बसल्या, कानाला तोंड लावून हळूच म्हणाल्या, "थ्रर्र."

माझं डोकंच फिरलं. "काकू, गेलेल्या माणसाची चेष्टा करता व्हय?"

"चेष्टा न्हाई गं. आमची बोली हाय ती."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची सासू विमलबाई लई कडक. सुना एकमेकींशी बोलताना दिसल्या की दोघींना उपाशी ठेवायची. म्हणून या दोघींनी शेळ्यांच्या हाकांमधून स्वतःची भाषा केली. म्हातारीला वाटायचं, सुना शेरडं हाकतायत. थ्रर्र म्हणजे येणं, हुर्र म्हणजे निजणं. एकदा च्यक म्हणजे तू, दोनदा च्यक म्हणजे म्हातारी. काय करायचं ते आधी, माणूस मागून. म्हातारी मध्येच टपकली तरी मतलबाचं तेवढं पोचलेलं असायचं. 'मी'ला आवाजच नव्हता. हाकेपुढं च्यक नसलं की ती मीच.

"म्हंजी इतके दिवस त्या काय म्हणत होत्या?"

"ये तू. निजली म्हातारी." काकूंना हसू आलं आणि त्यातच रडू आलं. "मग चुलीम्होरं बसून चोरून च्या प्यायचो आमी."

विमलबाईंना जाऊन जमाना झाला होता.

"तुमाला समदं कळत होतं, तर कावून आला न्हाईत?"

"राग आला मला. भांडली गावासमोर, अन् आता बोलावती शेरडांच्या बोलीत, चोरून. म्हटलं, एकदा मोठ्यानं छबू म्हण, अशी पळत येते बघ. रोज भिंतीला टेकून वाट बघितली मी."

मला हुंदका आवरेना. "काकू, त्यांची वाचा गेलती. दुसरं काही बोलायलाच येत नव्हतं त्यांना."

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. मग भिंतीकडं. शेळी अजून बाजेच्या पायाला बांधलेलीच होती, ती सोडायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"पर मला तर ती नीट बोलत हुती," काकू म्हणाल्या. "समदं नीट ऐकू येत हुतं मला."