चार आणे फरक

"चारच आणे?" गौरम्माचा अंगठा साखराबाईच्या खांद्यावर जागच्या जागी थांबला. "अगं, तीन हप्ते झाले दाबायलेय मी."

"चारच लिवा, अक्का."

लातूर जिल्हा नवा, हा दवाखाना नवा आणि वीरभद्र डॉक्टर तर त्याहून नवे. स्नायूंतल्या गाठींवर मशीनचा शेक बरा की अंगठ्याचा दाब, हे त्यांना एकदाचं ठरवायचं होतं. पुरुष मशीनकडे, बायका गौरम्माकडे. पुरुष म्हणजे नव्या कचेरीतले मान आखडलेले कारकून. बायका मुरुडकडच्या, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या. दुखणं कसं मोजायचं? डॉक्टर विचारायचे, सोळा आण्यांपैकी किती आणे फरक पडला? कारकून मशीनच्या भिडेखातर बारा-चौदा सांगून मोकळे होत. बायका चाराच्या पुढे सरकत नव्हत्या.

जी बाजू हरेल तिचं काम बंद. म्हणजे गौरम्माची रवानगी चादरींच्या खोलीत. वीस वर्षं तिने अंगठ्याने लोकांची कळ हुडकली होती. दुसरं काही तिला येत नव्हतं आणि आवडतही नव्हतं. 

तिने पुन्हा दाबून पाहिलं. मानेच्या मुळाशी आधी बोराएवढी गाठ होती, दाबली की कळ थेट डोळ्यामागे जायची. आता तिथे सगळं मऊ लागत होतं.

"दुखतंय?"

"न्हाई."

"मग खोटं का सांगायलीस?"

साखराबाईने आवाज उतरवला. "आणेवारी ठाव हाय की तुमाला. पीक सहा आण्याच्या वर लिवलं की दुष्काळ बंद. हितला दुखण्याचा कागद हाय तवर मुकादम पाणी वाटायला ठिवतो. बरी झाले म्हणलं की उद्या पुन्ना हातोडा. आमी समद्यांनी ठरवलंय, चारच सांगायचं."

गौरम्माला हसू आलं आणि रडूही आलं. हात पुसून ती तडक डॉक्टरांच्या खोलीकडे निघाली. एवढं एक खरं सांगितलं की ती जिंकली असती.

व्हरांड्यातल्या बाकावर आणखी सहाजणी गप्पा हाणत बसल्या होत्या. गौरम्माला डॉक्टरांकडे जाताना पाहून एकीने घाईघाईने मान वाकडी केली. मग बाकीच्यांनीही केली.

डॉक्टरांनी वहीतून वर पाहिलं. "बोला, गौरम्मा."

ती उंबऱ्यातच घुटमळली.

"साखराबाईचे चार आणे लिवा, सायेब," ती म्हणाली. "आन् चादरीच्या खोलीची किल्ली द्या."