बोआडू उस्तादांचं वाकडं नोझल

मी गॅस कटरच्या तोंडाशी बसणारं नोझल बोलतोय. अंगठ्याएवढा तांब्याचा तुकडा, पण सगळा जीव मधल्या भोकात. तिथून ऑक्सिजनची धार सरळ सुटली तर लोखंड सुरीनं कापावं तसं सुटतं. माझी धार वाकडी आहे, आणि त्यात माझा काडीचा दोष नाही.

कुमासी शहराच्या सुआमे वस्तीत, जुन्या ट्रकच्या सांगाड्यांमध्ये बोआडू उस्तादांचं दुकान आहे. पहिलं वर्ष माझं मजेत गेलं. मग एकदा भोकात कचरा अडकला. बारीक सुईनं साफ करायचं सोडून या गृहस्थांनी सायकलची तार खुपसली आणि गरागरा फिरवली. भोक फाटलं. स्वतःसाठी त्यांनी दुसरं नोझल आणलं, ते शर्टाच्या खिशात असतं. मला दिलं शिकाऊंना.

तसा मी अफ्रियेच्या हाती आलो. एकतीस वर्षांची बाई, लेक तेचिमान गावी आजीकडे. आमच्याकडे शिकणं संपलं की उस्ताद चारचौघांत डोक्यावर पावडर उधळतात, त्याला सुटका म्हणतात. तोवर पगार नाही आणि दुसरीकडे कामही नाही. शिक्षण तीन वर्षांचं, अफ्रियेचं पाचवं चालू होतं. दर परीक्षेला तिच्या कापाखाली वितळल्या लोखंडाचे गोळे लोंबायचे आणि ती नापास व्हायची.

"हात थरथरतो तुझा," उस्ताद म्हणायचे. "घाई कसली? लेक काय पळून चाललीय?"

हात तिचा अगदी स्थिर होता हो. तिला अडकवत होतो तो मी, आणि सांगता येत नव्हतं. फार लाज वाटायची.

यंदा परीक्षेला तिनं ज्योत पेटवली आणि नुसती बघत राहिली. ज्योत डावीकडे झुकली होती. मग तिनं उस्तादांच्या खिशाकडे पाहिलं. परीक्षा बघायला आलेले शेजारचे चार उस्ताद मक्याच्या पिठाची केंकी आणि तळलेला मासा खात बसले होते.

अफ्रिये वाकून म्हणाली, "उस्ताद, माझा हात काही सुधारत नाही. एकदा तुम्हीच कापून दाखवा ना. याच कटरनं."

"आत्ता? जेवण चाललंय."

"दाखव की बोआडू," सगळ्यांत म्हातारे उस्ताद बोटं चाटत म्हणाले. "की विसरलास?"

नाही म्हणणार कसं? त्यांनी लोखंड लाल होऊ दिलं, खटका दाबला. हात सराईत, माझी धार तिरकी. पट्टी सुटली तेव्हा खाली गोळ्यांची माळ लोंबत होती.

म्हाताऱ्यांनी ती चिमट्यानं उचलून पाहिली. "तुझाही हात थरथरतो म्हणायचा," ते म्हणाले. "पावडर आण."

अफ्रिये पावडरीनं पांढरीफटक झाली, हसली, रडली आणि संध्याकाळच्या गाडीनं लेकीकडे गेली. मला वाटलं, आता मी भंगारात जाईन, मीही सुटलो.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी मला शर्टाला पुसलं, कटरवर घट्ट आवळलं आणि आपियाह नावाच्या चाळिशीच्या नव्या माणसाच्या हाती दिलं.

"तीन वर्षं लागतील," ते म्हणाले.

आपियाहभाऊ, हातात कितीही कसब आलं तरी कापण्याआधी एकदा माझ्या ज्योतीकडे नीट बघ. स्वतःच्या हाताला दोष नंतर दे.