चन्नाप्पाची माती

आमच्या गल्लीच्या तोंडाला माझा फ्लेक्स लागलाय. मराठी भाषा दिनाच्या वक्तृत्व स्पर्धेत मी तालुक्यात पहिली आले, म्हणून बाळासोकाकांनी स्वखुशीनं लावलेला. बाळासोकाका म्हणजे गल्लीचा कारभारी माणूस. बारसं असो की मयत, तेच पुढं. फ्लेक्सवर माझा फोटो, शेजारी वाघ, आणि लाल अक्षरांत माझ्या भाषणातलं वाक्य : 'ज्या गावचं पाणी प्यायचं, त्या गावची भाषा बोलायची.' वाघ का, ते मीही विचारलं नाही. मला आवडला.

आधी मी वर्गात तोंडच उघडायची नाही. पाचवीत गडहिंग्लजहून इथं कळंब्याला राहायला आलो, तेव्हा शाळेत पडल्यावर तोंडातून 'आई गं'ऐवजी कानडी 'यव्वा' निघालं होतं. पोरींनी ते वर्षभर पुरवून वापरलं. आम्ही लिंगायत हे गल्लीला ठाऊक होतं, पण घरात कानडी बोलतो हे नव्हतं. पप्पांचा नियमच होता : उंबऱ्याच्या आत कानडी, बाहेर मराठी. दुकानातल्या गिऱ्हाइकांना परकं वाटू नये म्हणून. चार वर्षं मी मराठी घासूनपुसून लख्ख केली, आणि नववीत हे बक्षीस. त्यानंतर मला गप्प करणं कुणाला जमलेलं नाही.

गल्लीच्या मागं अपार्टमेंटचं काम चाललंय. तिथं पत्र्याच्या खोलीत चन्नाप्पा आणि त्याची बायको शांतव्वा राहायचे, विजापूरकडचे. तो गवंडी, ती त्याच्या हाताखाली. त्याला मोडकंतोडकं मराठी यायचं, तिला अजिबात नाही. फ्लेक्स लागल्याच्या दुसऱ्या दिवशी ती रिकामी घागर घेऊन आमच्या नळावर आली आणि मला कानडीत विचारलं, पाणी किती वाजता येतं? मैत्रिणी सोबत होत्या. मी म्हणाले, "मराठीत बोला. मला कळत नाही."

पोरी हसल्या. ती घागर घेऊन परत गेली.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी मी दप्तर अडकवून निघाले, तर गल्लीच्या तोंडाला ही गर्दी. चन्नाप्पा झोपेतच गेला होता. डॉक्टर येऊन दाखला देऊन गेले होते. मुकादम गावाला गेलेला, त्याचा फोन लागत नव्हता. बाळासोकाकांनी सगळं अंगावर घेतलं. तिरडी बांधली, हार आणले, शववाहिका बोलावली.

"पंचगंगेवर सरणाला शेणी तयार हाईत," ते सगळ्यांना सांगत होते. "परका असला म्हणून काय झालं? आपल्या दारात मेलाय, आपलाच हाय."

मला माझ्या गल्लीचा अभिमान वाटला. खरंच वाटला.

पलीकडच्या अंबूबाईंनी रीतीप्रमाणे प्रेताच्या अंगावरचं काढून घेतलं होतं. कानातली बाळी, करदोडा, गळ्यातली दोऱ्यात ओवलेली चांदीची डबी. नंतर त्याच्या बायकोच्या हातात नीट द्यावं म्हणून पदराच्या गाठीला बांधलं होतं. शांतव्वा त्या गाठीला झोंबत होती.

"आगं बया, मी काय खातीया व्हय तुजी चांदी?" अंबूबाई तिचे हात हळूच सोडवत होत्या. "कळंना झालंय बिचारीला. धरा गं कुनीतरी."

दोघींनी तिला धरलं. ती एकच ओरडत होती, "सुडब्याड्री. मण्ण कोड्री." सगळ्यांना तो आक्रोश वाटत होता. एकीनं तिला पाणी दिलं, एकीनं डोक्यावरून हात फिरवला.

मला शब्दन् शब्द कळत होता. जाळू नका, माती द्या.

ती डबी म्हणजे दागिना नव्हता. त्यात इष्टलिंग असतं. लहानपणी गळ्यात बांधलेलं ते मेल्यावरही काढायचं नसतं. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात आणि लिंग त्याच्या डाव्या हातावर ठेवतात. माझ्याही गळ्यात आहे, युनिफॉर्मच्या आत.

मी आधी चोरवाट शोधली, कानडीचं नाव न काढता. अंबूबाईंच्या कानाशी जाऊन म्हणाले, "काकू, ती डबी परत द्या की तिला."

"तू शाळंला जा. तुला काय कळतंय त्यातलं?"

पप्पांना फोन केला, त्यांना म्हटलं लवकर या. पण लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून यायला अर्धा तास तरी लागणार. ड्रायव्हरनं शववाहिकेचं मागचं दार उघडलं. चौघांनी तिरडी खांद्यावर घेतली. माझ्या मैत्रिणी कोपऱ्यावर उभ्या होत्या, डोक्यावर फ्लेक्समधली मी आणि वाघ.

मी तिरडीपुढं जाऊन उभी राहिले. शांतव्वाला कानडीत म्हणाले, यव्वा, थांब. मी सांगते यांना. जाळू देणार नाही.

स्पर्धेत माईक होता, तरी एवढी शांतता झाली नव्हती.

शांतव्वाचं रडणं एकदम थांबलं. तिनं मला ओळखलं. नळावरची पोरगी. माझ्याकडं बघत ती हळू आवाजात एवढंच म्हणाली, येतंय की तुला.

रागावली असती तर बरं झालं असतं.

मग मी मराठीत सगळं सांगितलं. डबीत काय आहे, माती का द्यायची, ती मघापासून काय सांगतेय. बाळासोकाकांनी तिरडी खाली ठेवायला लावली. अंबूबाईंची गाठ सुटता सुटेना, शेवटी सोडवून त्यांनी डबी शांतव्वाच्या हातात दिली.

"मला म्हाईत न्हवतं गं पोरी," त्या म्हणत राहिल्या. "मी चांगल्यासाठनंच केलं."

"कळत हुतं तर इतका वेळ गप का बसलीस?" बाळासोकाकांनी विचारलं.

पप्पा आले. मी भर रस्त्यात कानडी बोलतेय हे त्यांनी पाहिलं. चप्पल काढून शांतव्वासमोर खाली बसले आणि तिच्याशी कानडीत बोलू लागले, पहिल्यांदाच, उंबऱ्याबाहेर. मग समाजाच्या लोकांना फोन केले, स्वामींना बोलावलं. दुपारी रुद्रभूमीत, लिंगायतांच्या दफनभूमीत, चन्नाप्पाला बसवलं. लिंग शांतव्वानं स्वतः त्याच्या हातावर ठेवलं. बाळासोकाका सगळ्यांत मागं उभे होते. कुणी न सांगता पुढं आले, मूठभर माती घातली आणि परत मागं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर रांग होती. मैत्रिणीही होत्या. मी दोन घागरी भरल्या, एक घरी ठेवली, एक पत्र्याच्या खोलीवर नेली. शांतव्वा गाठोडं बांधत होती. तिचा भाऊ न्यायला आला होता, बस दहाची.

घागर खाली ठेवून मी म्हणाले, "आर गंटेक नीर बर्ताव." पाणी सहा वाजता येतं.

तिनं घागरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ओंजळ पुढं केली. मी घागर कलती केली आणि ती पाणी प्यायली.