रद्द केलेला भाऊ

सायबर सुरक्षेच्या परीक्षेच्या सरावासाठी ताईने लॅपटॉपवर सर्टिफिकेट अथॉरिटी, म्हणजे कोण खरं ते ठरवणारी यंत्रणा उभारली आणि घरातल्या प्रत्येकाला ओळखीचं सर्टिफिकेट दिलं. धाकट्या भावाने चार्जर पळवला, तेव्हा चिडून तिने त्याचं रद्द करून टाकलं.

संध्याकाळी बेल वाजली. "कोण हवंय आपल्याला?" आईने दारातूनच विचारलं.

"अगं आई, मस्करी पुरे! ताई, सांग ना हिला!"

ताईला आतून ते ऐकू आलं. तात्पुरतं थांबवलेलं सर्टिफिकेट पुन्हा चालू करता येतं. तिने तर कायमचं रद्द केलं होतं. आता नवं द्यायचं, तर नियमाप्रमाणे आधी माणसाची ओळख पटायला हवी.

ती दाराकडे धावली. तिथे रडवेल्या चेहऱ्याने उभा असलेला तरुण तिने कधीच पाहिलेला नव्हता.