खिशात राहिलेला अर्ज

मी एक जुना पांढरा कोट आहे. अमेरिकेतल्या टोलीडो शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी चार वर्षे वावरलो. माझ्या छातीवर निळ्या दोऱ्याने 'डॉ. इलोना केर्तेस' असे नाव भरलेले आहे. कारखान्यात एकाच दिवशी शिवलेल्या शेकडो कोटांतून मी तिच्या वाट्याला आलो, हे माझे भाग्य.

इलोना भूलतज्ज्ञ होण्याचे शिक्षण घेत होती. शिरेत सुई घालायची, श्वासनलिकेत नळी सरकवायची, सगळे काम बोटांचे. आणि मित्रांनो, तिच्या बोटांनाच आमवात होता. सकाळी माझी बटणे लावताना तिला किती वेळ लागे, ते मला ठाऊक. औषधांनी दुखणे काबूत होते, कामात ती कधी मागे पडली नाही. पण उद्या बोटे आखडली तर? तिचे वडील बसगाड्या दुरुस्त करायचे. पाठीने दगा दिला आणि ते घरी बसले. त्यानंतरचे तंगीचे दिवस ती विसरली नव्हती.

म्हणून तिला असा विमा हवा होता, की हातांनी साथ सोडली तरी दरमहा पगार येत राहील. एकदा कॅन्टीनमध्ये एक गोडबोल्या एजंट भेटला. "अर्ज टाकून तर बघा! फार तर नाही म्हणतील," तो म्हणाला. इलोनाने आजार खराखुरा लिहिला, सही केली आणि पाकीट माझ्या खिशात ठेवले.

मार्च महिना होता. ड्यूटी संपताच ती टपालपेटीकडे निघाली, तर वाटेत बर्नाडेट आडवी आली. ही शस्त्रक्रिया विभागातली थोरली नर्स. जिभेने तिखट, मनाने मऊ.

"काय डॉक्टरीणबाई, प्रेमपत्र टाकायला निघालात वाटतं?"

"कसलं प्रेमपत्र! विम्याचा अर्ज आहे. मला आमवात आहे, बर्नाडेट. नाहीच म्हणतील बहुतेक. पण विचारायला काय जातं?"

बर्नाडेटचा चेहराच बदलला. "आधी ते पाकीट खिशात घाल! अगं, विचारण्यातच सगळं जातं. शिकाऊ डॉक्टरांसाठी आपल्या रुग्णालयाची एक पॉलिसी आहे. तब्येतीचं काही विचारत नाहीत. पण आधी कुठल्याही विमा कंपनीने नकार दिला असेल, तर ती मिळत नाही. आपल्या डॉक्टर फॅरेलचं तेच झालं. दमा होता बिचाऱ्याला. नकाराचं पत्र आलं, आणि मग त्याला हे कळलं."

"मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"तू दुखणं लपवत फिरतेस, मग सांगणार कोण? औषधाच्या बाटल्यांची झाकणं माझ्याकडून उघडून घेतेस, ते काय मला कळत नव्हतं?"

इलोना हसली, आणि तिचे डोळेही भरले. पाकीट पुन्हा माझ्या खिशात आले.

दुसऱ्या दिवशी ती लिंडक्विस्ट नावाच्या विमा सल्लागाराकडे गेली. ही पॉलिसी शिक्षण संपेपर्यंतच मिळणार होती, म्हणजे जूनपर्यंत.

"पूर्ण वेळ काम करता?"

"हो."

"कुठे विमा नाकारलाय?"

"नाही. पण एक अर्ज भरून ठेवलाय. अजून टाकलेला नाही."

त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिले. "न टाकलेला अर्ज म्हणजे नुसता कागद, डॉक्टर. बरं झालं विचारलंत."

तीन आठवडे तिने जीव मुठीत धरून काढले. मग एका दुपारी पॉलिसी आली. नर्सच्या खोलीत बसून तिने ती तीनदा वाचली आणि वडिलांना फोन लावला.

"अपा, विमा मिळाला! हात गेले तरी आता भीती नाही."

"जायचे कशाला?" म्हातारा खेकसला. "थंडी आहे. हातमोजे घालून घरी ये."

जूनमध्ये तिला नवा, लांब कोट मिळाला आणि मी कपाटात गेलो. वाईट वाटले, कोपरावर विरलेल्या कोटाला कोण विचारतो? चार वर्षांनी तिच्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. आठ महिने ती घरी होती, आणि दर महिन्याला विम्यातून पगार आला. कुणी घाई केली नाही. हात निवांत बरा झाला आणि ती कामावर परतली. कपाटाचे दार उघडून तिने मलाही एकदा थोपटले.

मित्रांनो, दुसऱ्यांना बरे करणारी माणसे स्वतःचे दुखणे कुणाला दाखवत नाहीत. मी तर कोट. झाकणे हाच माझा धर्म. तरीही मी तुम्हाला हात जोडून सांगतो, दुखणे झाकू नका. विश्वासाच्या एका तरी माणसाला ते वेळेवर सांगा.